माशीचा फोटो पाहून माशी ओळखायची कशी

'ही कुठली माशी?' म्हणून आलेला फोटो बहुतेकदा एकच असतो. वरून काढलेला, पाठ लख्ख आणि पंख धूसर. त्यावरून जाणकारालाही नाव सांगता येत नाही. छोट्या माश्यांच्या बाबतीत नुसता रंग फारसा कामाला येत नाही. ओळख पटते ती पंखांतल्या शिरांवरून, शृंगिकांवरून (डोक्यावरच्या मिशांसारख्या दोन अवयवांवरून) आणि अंगावरचे राठ केस कुठे आहेत, कुठे नाहीत यावरून. म्हणून काय काय दिसायला हवं हे फोटो काढतानाच ठाऊक असलं, तर निम्मं काम तिथेच होतं. जगात माश्यांच्या दीड लाखाहून जास्त जातींना शास्त्रीय नावं मिळाली आहेत. पण आपल्या बागेत, गोठ्यात, शेतात, ओढ्याकाठी वरचेवर भेटणारी कुळं मोजकीच आहेत आणि ती नक्की शिकता येतात.

आधी ती माशी आहे का?

मराठीत 'माशी' हा शब्द फार सैल वापरला जातो. मधमाशी, गांधीलमाशी, कुंभारमाशी या चार पंखांच्या, वेगळ्याच गटातल्या. कपाशीवरची पांढरी माशी तर माव्याची नातलग, तिलाही चार पंख. उलट डास आणि चिलटं यांना कोणी माशी म्हणत नाही, पण ते खऱ्या माश्यांच्याच गटातले. या गटाची खूण म्हणजे उडायचे पंख दोनच. मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारख्या दोन गुंड्या असतात, त्यांना हॉल्टियर म्हणतात. उडताना तोल राखायचं काम त्यांचं. बाजूने काढलेल्या फोटोत पंखाच्या मुळामागे पिवळट किंवा पांढरी गुंडी दिसली की शंका मिटली.

नुसते पंख मोजून मात्र फसायला होतं. गांधीलमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, फोटोत ते दोनच वाटतात. अशा वेळी शृंगिका पाहा. मधमाशी-गांधीलमाशीच्या लांब, बऱ्याच पेरांच्या आणि कोपरासारख्या वाकलेल्या असतात. त्यांची नक्कल करणाऱ्या माश्यांच्या बहुधा आखूड, जेमतेम डोळ्यांपुढे आलेल्या असतात. कमरेचा बारीक देठ माशीत क्वचितच दिसतो. शेपटीला लांब धागे असतील तर थांबा. पिठ्या ढेकणाच्या नरालाही दोनच पंख असतात, पण त्याच्या मागे मेणाचे पांढरे तंतू असतात. पाण्याकाठच्या मेफ्लायपैकी काहींना एकच पंखांची जोडी असते, पण त्यांनाही दोन-तीन लांब शेपट्या असतातच.

फोटो काढताना

पहिला फोटो लांबूनच काढून घ्या. माशी उडाली तर तेवढा तरी हाती राहतो. मग बोटा-बोटाने पुढे सरका, आणि वरून येण्यापेक्षा खालून किंवा बाजूने या. आपली सावली तिच्यावर पडली की ती गेलीच. हिवाळ्यात सकाळी सात ते नऊच्या दरम्यान माश्या गारठलेल्या असतात, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ मिळतो.

किमान तीन कोन हवेत. वरून काढताना पंखाचा पृष्ठभाग कॅमेऱ्याला समांतर ठेवा. बाजूने काढताना डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत, पायांसकट सगळं येऊ द्या. आणि समोरून चेहरा, शृंगिका आणि सोंड. समोरचा फोटो लोक हमखास सोडून देतात, आणि नेमकी तिथेच अडचण येते.

मॅक्रो लेन्सवर १:१ ला (म्हणजे सेन्सरवर माशी आहे तेवढीच उमटते तेव्हा) छिद्राचा आकडा एफ ८ ठेवला तर स्पष्ट दिसणारा थर अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो, एफ ११ ला फार तर एक मिलिमीटर. म्हणजे ४ मिलिमीटरची माशीसुद्धा एका फोटोत पूर्ण स्पष्ट येणार नाही. त्यावर उपाय म्हणजे एकाच कोनातून पाच-सहा फोटो काढायचे, दर वेळी कॅमेरा केसभर पुढे नेत. एकात डोळे नीट येतील, दुसऱ्यात पंख. एफ २२ करून सगळं एकदम बसवायला जाऊ नका. १:१ ला ते प्रत्यक्षात एफ ४४ इतकं होतं, प्रकाशाच्या विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना पसरण्याने) सगळा फोटो मऊ पडतो आणि ज्या शिरा-केसांसाठी हा खटाटोप, तेच पुसले जातात.

फ्लॅश वापरत असाल तर शटर १/२०० च्या आसपास ठेवा आणि फ्लॅशपुढे बटर पेपरचे दोन थर किंवा पॅकिंगचा पातळ पांढरा फोम लावा. उघडा फ्लॅश चकचकीत पाठीवर पांढरा ठिपका उमटवतो आणि तो पुढे खरोखरचा ठिपका समजला जातो. शिरा दाखवायच्या असतील तर मात्र उजेड मागून हवा. उन्हाने उजळलेल्या पानापुढे पंख धरला जाईल अशा कोनात बसा, शिरा आपोआप रेखाटल्यासारख्या दिसतात. गडद पार्श्वभूमीवर त्याच पंखावर इंद्रधनुषी रंग चमकतात. ते दिसायला सुरेख असले तरी शिरा झाकून टाकतात.

मोबाइलवर १० किंवा १५ पटीची क्लिप लेन्स पुरते. माशीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर यावं लागतं. डिजिटल झूम नको, सलग फोटोंचा बर्स्ट मोड लावा आणि फोटो 'सुधारणारी' सोय बंद करता येत असेल तर करा. ती बारीक केस पुसते आणि नसलेली नक्षी घालते.

आकार हा अर्धा पुरावा आहे. माशी उडून गेल्यावर फोकस आणि झूम न हलवता त्याच जागी आलेख कागदाचा तुकडा धरून एक फोटो काढा, त्यावरच्या मिलिमीटरच्या चौकटींवरून माशी मोजता येते. मॅक्रो लेन्स १:१ ला असेल तर याचीही गरज नाही. फुल-फ्रेम कॅमेऱ्याची चौकट ३६ मिलिमीटर रुंद असते, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरची २२-२४. चौकटीचा तिसरा हिस्सा माशीने व्यापला असेल तर ती अनुक्रमे १२ किंवा साधारण ८ मिलिमीटरची झाली. सोबत तारीख, वेळ, ठिकाण आणि ती कशावर बसली होती ते टिपा. झाडाचा वेगळा फोटो घ्या. काय करत होती तेही लिहा: पंख हलवत होती, झटक्याझटक्याने पळत होती, एका जागी तरंगत होती. स्थिर चित्रात या गोष्टी येत नाहीत.

फोटो समोर घेऊन बसल्यावर

सुरुवात शृंगिकांपासून करा. लांब, मण्यांच्या माळेसारख्या बऱ्याच पेरांच्या असतील तर डास-चिलटांचा गट. आखूड, मोजक्या पेरांच्या असतील तर बाकीच्या माश्या. घरमाशीच्या नात्यातल्यांना शेवटच्या जाड पेरावर एक केस असतो, तो अरिस्टा. त्याला पिसासारखे उपकेस आहेत की तो साधा आहे, हे समोरच्या फोटोत दिसायला हवं.

पहिल्या गटात रोजचा घोळ डास आणि डासासारख्या चिलटांचा. संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती जमणारी, भिंतीवर बसलेली हिरवट-तपकिरी चिलटं अनेकदा कायरोनोमिड कुळातली असतात आणि ती चावत नाहीत. बसल्यावर ती पुढचे पाय उचलून धरतात, डास मागचे उचलतो. डासाची सोंड लांब, सरळ पुढे आलेली. चिलटाला तशी सोंड नसते आणि पंख बहुधा पोटापेक्षा आखूड. पिसासारख्या झुपकेदार शृंगिका दोघांच्याही नरांना असतात, तेवढ्यावरून निकाल देऊ नका. बाथरूमच्या भिंतीवर बसणारी, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची केसाळ माशी ही सायकोडिडी कुळातली. पंखांच्या कडेला पांढरे बारीक ठिपके असतील तर बहुतेक क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा.

दुसऱ्या गटात पंखाकडे वळा. फोटो मोठा करा, काँट्रास्ट थोडा वाढवा, शार्पनिंगला हात लावू नका. पुढच्या कडेकडून मोजत चौथी लांब शीर शोधा. घरमाशीत ती टोकाजवळ एकदम वर वळून तिसरीच्या जवळ जाते. घरात खोलीच्या मधोमध घिरट्या घालणाऱ्या फॅनिया नावाच्या माशीत ती सरळच राहते. पाठीवरचे काळे पट्टेही मोजा. घरमाशीला चार, राखाडी मांसमाशीला तीन आणि तिच्या पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. गोठ्यातली घरमाशीसारखी दिसणारी माशी चावत असेल तर बाजूच्या फोटोत सोंड पाहा. सुईसारखी पुढे आलेली असेल तर ती स्टोमॉक्सिस.

झेंडूवरची 'गांधीलमाशी'

झेंडूवर किंवा मोहरीच्या फुलावर पिवळे-काळे पट्टे असलेली, हवेत एका जागी तरंगणारी जी दिसते, ती बहुधा सिर्फिड कुळातली. हिच्या अळ्यांपैकी बऱ्याच मावा खातात, त्यामुळे शेतकऱ्याने ती ओळखायलाच हवी. पंखाचा फोटो मोठा करून मागच्या कडेकडे पाहा. शिरा कडेपर्यंत न जाता कडेला समांतर वळतात आणि आतल्या बाजूला दुसरी कड असल्यासारखी दिसते. मधोमध एक अर्धवट शीरही असते, ती कुठल्याच शिरेतून निघत नाही आणि कुठल्याच शिरेला मिळत नाही. या दोन खुणा पटल्या की कुळ पक्कं.

पुढे प्रजातीसाठी (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) पोटाचे पट्टे. मधल्या खंडांवर रुंद काळ्या पट्ट्याशिवाय मिशीसारखी आणखी एक बारीक काळी रेघ असेल तर एपिसिर्फस. छातीच्या कडेने ठळक पिवळी पट्टी आणि पोटावर तिरप्या पिवळ्या ठिपक्यांच्या जोड्या असतील तर इस्किओडॉन स्कुटेलॅरिस तपासा. मधमाशीसारखी गुबगुबीत असेल आणि पंखातली तिसरी शीर मध्येच खाली खोल झोका घेत असेल, तर एरिस्टॅलिस-एरिस्टॅलिनसचा गट. एरिस्टॅलिनसच्या डोळ्यांवर ठिपके किंवा उभे पट्टे असतात, अगदी रंगवल्यासारखे. ते टिपायला कडक फ्लॅशपेक्षा सावलीतला उजेड बरा. याच कुळात नर-मादी ओळखणंही सोपं असतं. बहुतेक नरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकतात, मादीचे टेकत नाहीत.

फळमाशी

आंबा, पेरू, बोर, वेलवर्गीय भाज्या यांवरच्या फळमाश्यांचे फोटो आपल्याकडे सगळ्यात जास्त विचारले जातात, आणि इथे जातीपर्यंत पोचता येतं. अट एकच: पाठ, पंख आणि चेहरा हे तिन्ही स्पष्ट हवेत.

बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसची पाठ बहुधा काळी, दोन बाजूंना दोन पिवळ्या पट्ट्या, मधे पट्टी नाही. पंखाच्या पुढच्या कडेने अरुंद गडद पट्टी टोकापर्यंत सलग जाते. पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण. चेहऱ्यावर दोन काळे गोल ठिपके. बॅक्ट्रोसेरा झोनाटाची पाठ तांबूस-तपकिरी, आणि पंखाची पट्टी तुटलेली, टोकाला फक्त एक ठिपका उरतो. बॅक्ट्रोसेरा करेक्टाच्या पंखाची पट्टीही तशीच तुटलेली, पण पाठ काळी आणि चेहऱ्यावरचे ठिपके आडवे, जवळजवळ एका रेघेत आलेले. चेहऱ्याचा फोटो नसेल तर या शेवटच्या दोघींत गल्लत होतेच. दुधी, कारलं, काकडीवरची झ्युगोडॅकस कुकरबिटी वेगळी. तिच्या पाठीवर तीन पिवळ्या पट्ट्या असतात, दोन बाजूंना आणि एक मधोमध. पंखाच्या टोकाला मोठा ठिपका आणि आतल्या आडव्या शिरेवरही गडद छटा असते. आडव्या शिरेवर ती छटा नसेल आणि पाठीवर काळे डाग असतील तर झ्युगोडॅकस टाऊ असू शकते.

सापळ्यातल्या माश्यांचा फोटो असेल तर सापळ्यात काय होतं हे आधी विचारा. मिथाइल युजेनॉल या आमिषाला वरच्या तिन्ही बॅक्ट्रोसेरांचे नर येतात. कुकरबिटीचे नर क्यू-ल्युअर या दुसऱ्या आमिषाकडे जातात. सापळ्यात मादी जवळजवळ सापडत नाही, त्यामुळे पोटाच्या टोकाला अंडी घालण्याची टोकदार नळी दिसली नाही म्हणून गोंधळू नका. भिजलेल्या, आठवडाभर पडून राहिलेल्या माश्यांचे पिवळे पट्टे तपकिरी होतात. सापळा रिकामा केल्यावर दुसऱ्या दिवशीच्या ताज्या माश्यांचाच फोटो घ्या.

स्वयंपाकघरात पिकलेल्या केळ्यांवर येणारी ती फळमाशी निराळी, ड्रोसोफिलिडी कुळातली, २ ते ४ मिलिमीटरची, बहुतेक वेळा लाल डोळ्यांची. पाठीवर आणि डोक्यावर काळ्या किनारीच्या पांढऱ्या पट्ट्या असतील तर झॅप्रिओनस इंडियानस, ही वरूनच्या फोटोतही ओळखू येते. बाकीच्यांना ड्रोसोफिलिडी म्हणून थांबावं.

थोडक्यात ओळखू येणाऱ्या काही

पावसाळ्यात रुंद पानांवर हिरव्या काचेसारखी चमकणारी, लांब पायांवर उंच उभी असलेली ५ मिलिमीटरची माशी म्हणजे डॉलिकोपोडिडी. काँडिलोस्टायलसमध्ये चौथी शीर फाट्यासारखी एकदम वर वळते. शेणावर मुंगीसारखी, पंखाच्या टोकाला काळा ठिपका आणि पंख सारखे हलवणारी ती सेप्सिडी. पाठीला कुबड, पंखात पुढच्या कडेलाच जाड शिरा आणि पळणं झटक्याझटक्याचं ती फोरिडी. माणसाच्या आणि गुरांच्या डोळ्यांभोवती घोंगावणाऱ्या बारीक चिलटांपैकी बरीच क्लोरोपिडी कुळातली असतात, डोक्यावर तीन साध्या डोळ्यांभोवती चकचकीत त्रिकोण असतो. ओल्या कचऱ्याच्या कंपोस्ट डब्याभोवतीची मोठी काळी 'गांधील' बहुधा हर्मेटिया इल्युसेन्स असते. पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या आणि पायांची टोकं पांढरी. आणि सह्याद्रीत सावलीच्या ओढ्याकाठी पानांवर दांड्यांच्या टोकाला डोळे असलेली माशी दिसली तर डायोप्सिडी. तिथे शिरा वगैरे पाहायची गरजच नाही.

फसवणाऱ्या गोष्टी

नुकतीच कोशातून निघालेली माशी फिकी असते, पंख चुरगळलेले असतात. रंगावरून तिची ओळख करू नका. फुलातले पराग पाठीवर पिवळे ठिपके म्हणून दिसतात. ते दोन्ही बाजूंना सारखे नसतात, यावरून कळतं. धातूसारखी चमक कोन बदलला की हिरव्याची निळी, निळ्याची तांबूस होते. काच किंवा भिंतीला चिकटून मेलेली, पंख वर उभारलेली, फुगलेल्या पोटावर पांढरे पट्टे असलेली माशी ही नवी जात नव्हे. पोटाच्या खंडांमधून बाहेर आलेली ती एंटोमोफ्थोराची बुरशी असते.

फोटोवरून ओळख सांगणारं ॲप सुचवतं ते नावही तपासा. बाजारातल्या हिरव्या-निळ्या माशीला ल्युसिलिया असं नाव सुचवलं गेलं, तर फोटो पुन्हा पाहा. डोळे मोठे लाल, गाल नारिंगी आणि पोटाच्या खंडांच्या मागच्या कडा काळपट असतील तर ती क्रायसोमाया मेगासेफाला. ल्युसिलियाचा चेहरा रुपेरी असतो आणि पोटावर असे पट्टे नसतात. निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर नोंद 'रिसर्च ग्रेड' (अभ्यासात वापरण्याजोगी) व्हायला दोन तृतीयांशाहून जास्त ओळखणाऱ्यांचं एकमत लागतं. पण एकाने ॲपचं नाव उचललं आणि दुसऱ्याने त्याला मान डोलावली तरी ते एकमतच मोजलं जातं. म्हणून दुसऱ्याच्या नोंदीला होकार देताना निदान एक खूण स्वतःच्या डोळ्यांनी पाहून द्या.

कुठे थांबायचं

मांसमाश्या, बहुतेक ड्रोसोफिला, पानात नागमोडी बोगदे करणाऱ्या ॲग्रोमायझिडी, यांच्या जाती मुख्यतः नराच्या जननेंद्रियांवरून सांगतात आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. फोटो कितीही चांगला असला तरी इथे कुळ किंवा प्रजाती लिहून थांबणं हेच बरोबर. चुकीचं जातीचं नाव एकदा नोंदीत गेलं की त्यावरून नकाशे होतात आणि पुढचे लोक तेच नाव धरून चालतात. मराठी नावावरही विसंबू नका. ज्वारीची खोडमाशी ॲथेरिगोना सोकाटा, ही घरमाशीच्या कुळातली. सोयाबीनची खोडमाशी मेलॅनॅग्रोमायझा सोजी, ही ॲग्रोमायझिडी. नाव एकच, कुळं दोन.

जाणकाराला फोटो पाठवताना मूळ फाइल पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि केस-शिरा जातात, तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर शाबूत पोचतो. काटछाट केलेली प्रत सोबत द्या, पण मूळ प्रतीऐवजी नको.

नागअळीच्या, म्हणजे पानात बोगदे करणाऱ्या ॲग्रोमायझिडीच्या अळीच्या बाबतीत आणखी एक मार्ग आहे. अळी आत असलेलं पान बोगद्यासकट वर धरून उजेडात एक फोटो काढा, झाडाचं नाव लिहा, आणि ते पान तळाशी कोरडा टिश्यू पेपर घातलेल्या काचेच्या बरणीत ठेवून तोंडावर मलमलचं कापड बांधा. पाणी शिंपडू नका, पान कुजलं तर अळी मरते. कोश होऊन माशी बाहेर यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. रोज सकाळी पाहा. बरणीत कधी माशीऐवजी चार पंखांचा, लांब शृंगिकांचा बारीक कीटक निघतो. तो अळीवर वाढलेला परजीवी असतो. त्याचाही फोटो घ्या, पण माशीच्या नोंदीत घालू नका, त्याची वेगळी नोंद करा.